मुलांचा ज्वर आणि घरांतील मौन

घरांत मूल तापानें फणफणलें म्हणजे आई त्याच्या कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेविते, आजी दृष्ट काढिते, बाप कोपऱ्यावरच्या दुकानांतून तापाच्या औषधाची बाटली आणितो, आणि दोन दिवसांनीं अंग निवालें म्हणजे सर्वजण आपापल्या उद्योगास लागतात. बहुतेक तापांच्या बाबतींत हा क्रम निभावून जातो, आणि निभावून जातो म्हणूनच तो आमच्या अंगवळणीं पडला आहे. परंतु २०२० सालीं आलेल्या कोविडच्या साथीनें मुलांच्या तापाचा एक असा प्रकार जगापुढें आणिला कीं, त्यांत हा क्रम घातक ठरतो. त्याविषयीं आज चार शब्द लिहितों ते साथ पुन्हां आली म्हणून नव्हे. त्या साथीनें जो धडा दिला तो मनमाडकरांनीं, किंबहुना लहान शहरांत राहणाऱ्या आम्हां सर्वांनींच, अजून नीट वाचलेला नाहीं म्हणून. तो धडा असा कीं, मुलाच्या आजाराचें निदान करण्यास जी पहिली वस्तु लागते ती घरांतच असते. ती म्हणजे घरांतील आजारपणाची खरी व तारीखवार हकीकत.

प्रथम हकीकत काय घडली ती सांगतों. साथीच्या आरंभीं सर्वत्र असा समज होता कीं, हा रोग म्हाताऱ्यांस मारतो, मुलांस सोडतो. तो समज बऱ्याच अंशीं खराहि होता. पण एप्रिल २०२० च्या अखेरीस इंग्लंडांतील डॉक्टरांस इशारा देण्यांत आला कीं, कांहीं मुलें तीव्र ताप, पोटदुखी व हृदयाची अशक्तता घेऊन अतिदक्षता विभागांत येत आहेत. इटलींतील बेर्गामो शहरच्या रुग्णालयांत त्या वर्षीं फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांत, कावासाकीच्या आजारासारखीं लक्षणें असलेलीं दहा मुलें आलीं. त्यापूर्वींच्या पांच वर्षांत मिळून तेथें अशीं एकोणीस मुलें आलीं होतीं. कावासाकीचा आजार म्हणजे ज्यांत शरीरांतील रक्तवाहिन्यांस दाह होतो असा लहान मुलांचा एक जुना आजार. तोमिसाकु कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञानें १९६७ सालीं पन्नास मुलांच्या तपासणीवरून त्याचें वर्णन केलें. नवा आजार त्याच्याशीं मिळताजुळता, पण तोच नव्हे. १५ मे २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास स्वतंत्र नांव व व्याख्या दिली. अनेक अवयवांस एकदम दाह होणारा मुलांचा हा विकार ‘एमआयएस-सी’ या आद्याक्षरांनीं ओळखला जाऊं लागला.

हें सर्व सातासमुद्रांपलीकडलें, त्याचें आम्हांस काय, असें कोणी म्हणूं नये. त्याच वर्षीं मुंबईच्या चार मोठ्या रुग्णालयांतील डॉक्टरांनीं आपल्याकडील तेवीस मुलांची हकीकत ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या मासिकांत प्रसिद्ध केली. त्यांतील सर्वांत लहान मूल वर्षाचेंहि नव्हतें, सर्वांत मोठें चौदा वर्षांचें होतें. मध्यम वय सात वर्षांच्या किंचित् वर. तेविसांपैकीं शेंकडा ६५ मुलें रुग्णालयांत आलीं तीं रक्तदाब कोसळलेल्या स्थितींत. शेंकडा २६ मुलांच्या हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्या फुगलेल्या आढळल्या. इतकें असूनहि मृत्यु एकच झाला, ही गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. हा आजार भयंकर आहे, पण वेळेवर ओळखला तर बरा होणारा आहे. म्हणजे जगणें-मरणें निदानावर येऊन ठेपतें, आणि मुंबई मनमाडपासून अवघी २६० किलोमीटर आहे. ज्या रुळांवरून आमचें धान्य, आमचा कांदा व आमचीं माणसें जातात-येतात, त्याच रुळांवरून रोगहि येतो.

हा आजार कसा येतो हें जंक्शनच्या गांवीं राहणाऱ्यांस समजावून देण्यास आगगाडीचाच दाखला पुरे. कोविड ही पहिली गाडी. ती येते, कधीं मोठा गलबला करिते, कधीं मुलांच्या बाबतींत तर आली-गेली इतकेंहि कळत नाहीं. गाडी गेली म्हणून लोक फलाट सोडून घरीं जातात. त्यानंतर दोन ते सहा आठवड्यांनीं, ध्यानीमनीं नसतां, मागून दुसरी गाडी येते, आणि तिची घंटा कोणी वाजविलेली नसते. या दुसऱ्या गाडींत विषाणू बहुधा नसतोच. विषाणूशीं लढण्यासाठीं शरीरानें जी फौज उभी केली, ती शत्रु निघून गेल्यावरहि शस्त्र खालीं ठेवीत नाहीं व घरच्याच माणसांवर उलटते. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसून आलें कीं, अशा कांहीं मुलांच्या रक्तांतील संरक्षक शक्ति विषाणूच्या एका भागाशीं साम्य असलेल्या शरीराच्याच एका प्रथिनावर चालून गेली होती. चोराच्या अंगरख्यासारखा अंगरखा दिसला म्हणून पहारेकऱ्यानें घरधन्यासच झोडपावें, तसा हा प्रकार.

आतां निदानाची अडचण कोठें आहे तें पाहूं. मुलास ताप येतो, तो तीन दिवस हटत नाहीं, डोळे लाल होतात पण त्यांत पू नसतो, अंगावर पुरळ उठतें, ओठ व जीभ लालबुंद होते, हातपाय सुजतात, पोट दुखतें, उलट्या-जुलाब होतात, पुढें मूल मलूल होतें, हातपाय गार पडतात, श्वास जलद चालतो. अमेरिकेंतील सव्वीस संस्थानांतील १८६ मुलांची जी पाहणी २०२० सालीं प्रसिद्ध झाली, तींत शेंकडा ९२ मुलांस पोटाच्या तक्रारी होत्या आणि शेंकडा ८० मुलांच्या हृदयावर व रक्ताभिसरणावर परिणाम झाला होता. आणि हींच लक्षणें आमच्याकडे पावसाळ्यांत कोणकोणत्या आजारांचीं असतात? डेंग्यूचीं, विषमज्वराचीं, हिंवतापाचीं, गोचिडासारख्या बारीक किड्यांच्या चाव्यानें येणाऱ्या तापाचीं, आणि पोट फार दुखत असेल तर आंत्रपुच्छाच्या सुजेचींहि. यापैकीं कोणताहि आजार मनमाड-मालेगांवच्या पट्ट्यांतील डॉक्टरास अपरिचित नाहीं. म्हणून त्याची पहिली दृष्टि परिचिताकडेच वळते, व त्यांत त्याचा दोषहि नाहीं.

पण निदान चुकलें तर फळ भोगावें लागतें मुलास. डेंग्यूंत रक्तदाब उतरला तर शिरेवाटे पाणी द्यावें लागतें. परंतु ज्याचें हृदयच थकलें आहे अशा मुलास तेंच पाणी बेतानें न दिलें तर फुप्फुसांत साचतें. उलट या दाहविकारांत दिल्या जाणाऱ्या ॲस्पिरिनची गोळी डेंग्यूच्या मुलास दिली तर रक्तस्राव वाढतो. एकाचें अमृत तें दुसऱ्याचें विष! आंत्रपुच्छ समजून पोट उघडावें आणि आंत कांहींच न सांपडावें, याहून दुर्दैव तें कोणतें? सबब ‘ताप तो ताप, औषध द्या म्हणजे झालें,’ हें धोरण येथें चालत नाहीं.

मग तपासणी करून सोक्षमोक्ष कां लावूं नये? कारण या आजारास ओळखणारी अशी एकच एक तपासणी नाहीं. रक्तांतील सीआरपी व ईएसआर वाढलेले दिसले म्हणजे दाह आहे इतकेंच कळतें. तो कशाचा हें कळत नाहीं. नाकांतील स्वॅब पाहावा, तर विषाणू बहुधा आधींच निघून गेलेला असतो. वर सांगितलेल्या मुंबईच्या तेवीस मुलांपैकीं स्वॅबची तपासणी शेंकडा ३९ मुलांतच होकारार्थी आली. म्हणजे बाकीच्यांच्या आईबापांनीं ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ म्हणून सुटकेचा श्वास टाकला असता तर तो चुकीचा ठरला असता. बरें, रक्तांतील अँटिबॉडी पाहाव्या, तर तेथें उलटी अडचण. २०२१ च्या जून-जुलैमध्यें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें जी देशव्यापी पाहणी केली, तींत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ५७ आणि दहा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकीं सुमारें शेंकडा ६२ जणांत अशा अँटिबॉडी आढळल्या. निम्म्याहून अधिक निरोगी मुलांत जी खूण सांपडते, ती एका आजारी मुलांत सांपडली म्हणून काय सिद्ध होणार? डेंग्यू झालेल्या मुलाच्याहि रक्तांत ती असूं शकते.

अशा वेळीं डॉक्टराच्या हातीं उरतो तो एक साधा प्रश्न: ‘गेल्या महिना-दीड महिन्यांत घरांत किंवा शेजारीं कोणास ताप-खोकला, कोविड, कांहीं झालें होतें काय? आणि नक्की केव्हां?’ या प्रश्नास पैसा लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं. आणि याच प्रश्नाचें खरें उत्तर आमच्या घरांतून मिळत नाहीं, हें आम्हांस मोठ्या खेदानें नमूद करावें लागतें.

कल्पनेनेंच एक घर डोळ्यांपुढें आणूं. घरधनी व्यापारी, दुकानांत चार नोकर. त्यास तीन दिवस कणकण आली, तोंडाची चव गेली. तपासणी केली तर नांव यादींत जाणार, घरापुढें बांबू बांधले जाणार, दुकान बंद पडणार, पुतणीचें लग्न पुढें जाणार. त्यानें काढा घेतला, माडीवरच्या खोलींत निजला, आणि ‘पित्त झालें होतें’ असें बाहेर सांगितलें. चार आठवड्यांनीं धाकट्या मुलास ताप भरला. डॉक्टरानें विचारलें, घरांत कोणी आजारी होतें काय? बाप म्हणाला, ‘छे!’ आई कांहीं बोलली नाहीं, कारण बाप आधीं बोलून चुकला होता. त्या एका ‘छे’मुळें मुलाचे जे दोन दिवस गेले, ते कोणत्या हिशेबांत मांडावयाचे?

आम्ही या घरधन्यास दुष्ट म्हणत नाहीं. २०२० च्या उन्हाळ्यांत येथून सुमारें चाळीस किलोमीटरांवरील मालेगांवांत साथ भडकली, तेव्हां तेथून आलेल्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेनें पाहत होते, हें आम्हीं पाहिलें आहे. ज्या घरीं रोगी निघे त्या घरचें नांव मोबाइलवरून गांवभर होई. बरा होऊन आलेल्या माणसाच्या हातचा चहा कोणी घेत नसे. रोग्यास गुन्हेगारासारखें वागविलें म्हणजे तो गुन्हेगारासारखाच लपतो. म्हणून त्या ‘छे’चें पाप एकट्या बापाच्या माथीं नसून त्याच्या शेजाऱ्यांच्या, गिऱ्हाइकांच्या व सोयऱ्यांच्या माथींहि आहे. सामाजिक बहिष्काराचें जें हत्यार आमच्या समाजानें शतकानुशतकें माणसांवर चालविलें, तेंच आम्हीं रोगावर चालविलें, आणि तें लागलें मात्र मुलांस.

यावर कित्येक शंका निघतील. पहिली अशी कीं, हा आजार इतका विरळा, त्यासाठीं एवढा बाऊ कशास? विरळा आहे हें खरें. कोविड होऊन गेलेल्या बहुसंख्य मुलांस तो झाला नाहीं. शिवाय २०२२ पासून ओमायक्रॉन प्रकार आल्यावर त्याचें प्रमाण फारच उतरलें, आणि ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविडची आणीबाणीहि संपल्याचें जाहीर केलें. प्रत्येक तापांत हें भूत पाहावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु विरळा आजारच नजरेंतून सुटतो. आणि ज्या कावासाकीच्या आजाराशीं याचें साम्य, तो साथीपूर्वींहि होता व आजहि आहे; तो बहुधा पांच वर्षांखालील मुलांस गांठतो. त्यांत वेळीं उपचार न झाल्यास सुमारें चौथाई मुलांच्या हृदयाच्या धमन्या फुगतात. पहिल्या दहा दिवसांत योग्य औषध शिरेवाटे मिळालें तर हें प्रमाण शेंकडा चार-पांचांवर येतें. दहा दिवस! त्यांतील पांच-सहा दिवस आम्ही ‘गोवरासारखें कांहीं उठलें असेल’ म्हणत घालवितों.

दुसरी शंका विरुद्ध बाजूची. मग ताप आल्याबरोबर सर्व तपासण्या व सर्व जालीम औषधें सुरू करावीं हें बरें नव्हे काय? आमचें उत्तर: नव्हे. दुसऱ्या लाटेंत मोठ्यांस स्टेरॉइडच्या गोळ्या कशा वाटल्या गेल्या, हें सर्वांस ठाऊक आहे. जून २०२१ मध्यें केंद्र सरकारच्या आरोग्य संचालनालयानें मुलांविषयीं ज्या सूचना काढिल्या, त्यांत लक्षणें नसलेल्या किंवा सौम्य आजाराच्या मुलांस स्टेरॉइड देणें घातक आहे, रेमडेसिविर अठरा वर्षांखालील मुलांस देऊं नये, व छातीचा सीटी स्कॅन ऊठसूट काढूं नये, असें स्पष्ट म्हटलें होतें. हेंच स्टेरॉइड या दाहविकारांत मात्र प्राणरक्षक ठरतें. औषध तेंच, निदान झाल्यावर दिलें तर औषध, निदानावांचून दिलें तर जुगार. आणि हा विकार ठरल्यावर जें इम्युनोग्लोब्युलिन शिरेवाटे देतात, त्याची मात्रा दर किलो वजनास दोन ग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलास चाळीस ग्रॅम, असते व त्याची किंमत मध्यम स्थितींतल्या घरासहि जड जाते. अशी वस्तु अंदाजपंचें वापरावयाची नसते.

तिसरी शंका अशी कीं, हें सारें डॉक्टरांचें काम. आम्हां गृहस्थांनीं त्यांत काय करावें? याच शंकेसाठीं हा लेख आहे. गृहस्थांनीं करण्यासारखें पुष्कळ आहे. घरांत कोणासहि ताप आला तर कॅलेंडरवर त्या दिवशीं खूण करावी. दुधाचा व उधारीचा हिशेब आम्ही कॅलेंडरवर लिहितों, मग तापाचा कां लिहूं नये? मुलाचा ताप तीन दिवसांवर गेला, किंवा तापाबरोबर लाल डोळे, पुरळ, सतत पोटदुखी अथवा विलक्षण मलूलपणा दिसला, तर थांबूं नये. हातपाय गार पडले, श्वास लागला किंवा लघवी कमी झाली तर तीन दिवसांचीहि वाट पाहूं नये. आणि डॉक्टरापुढें कांहींएक लपवूं नये: घरांतलें आजारपण, आधीं दिलेलीं औषधें, कोणा भोंदूचा दोरा, सर्व सांगावें. पुरुष उत्तर देत असतां बायकोनें मध्यें बोलूं नये ही जी आमची रीत, ती निदान दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवावी. मुलाच्या उशाशीं रात्रभर जी जागली, तिची साक्ष प्रथम घेतली पाहिजे.

डॉक्टरबंधूंस आमची विनंति इतकीच कीं, घाईच्या गर्दींतहि तो एक प्रश्न विचारावा, आणि तो बापाच्या चारचौघांतील अब्रूस धक्का न लागतां, एकांतांत विचारावा. रक्ताची साधी तपासणी येथें होऊं शकते. मुलांच्या हृदयाचा इको वाचणारा तज्ज्ञ गांठण्यास नाशिक किंवा मुंबई धरावी लागते. नाशिकरोड स्टेशन येथून सुमारें पाऊणशें किलोमीटर. दाह वाढलेला आहे, डेंग्यू व विषमज्वर दिसत नाहींत, घरांत महिन्यापूर्वीं आजार होऊन गेला आहे, इतकें जुळलें कीं मूल चालतें-बोलतें आहे तोंवरच तें चिठ्ठीसह पुढें पाठवावें. मूल निपचित पडल्यावर गाडी शोधण्यांत शहाणपण नाहीं.

नगरपालिकेस व येथील उपजिल्हा रुग्णालयास आम्ही सुचवितों कीं, न उतरणाऱ्या तापाच्या मुलांची एक साधी नोंदवही ठेवावी. वय, तापाचा दिवस, घरांतील पूर्वीचा आजार, पाठविलें कोठें व पुढें काय झालें, एवढे रकाने पुरेत. नांव उघड करण्याचें कारण नाहीं. बेर्गामोच्या डॉक्टरांस नवा आजार ओळखतां आला तो मागील पांच वर्षांचा हिशेब त्यांच्या दप्तरीं होता म्हणून. ज्याच्याजवळ मागचा हिशेब नाहीं त्यास नवा तोटा कळत नाहीं, हें व्यापाऱ्यांस आम्हीं काय सांगावें? मे २०२१ मध्यें महाराष्ट्र सरकारनें डॉ. सुहास प्रभु यांच्या अध्यक्षतेखालीं मुलांसाठीं तज्ज्ञांचें एक कृतिदल नेमलें होतें. वर बसून तज्ज्ञ सल्ला देतील. खालीं गांवोगांव नोंदी नसतील तर तो सल्ला कोणत्या आधारावर द्यावयाचा? आणि व्यापारीमंडळास आमचें सांगणें असें कीं, धान्याच्या गुदामांत ओझीं वाहणाऱ्या हमालाच्या मुलास रात्रीं नाशिकास नेण्याची वेळ आली तर गाडीभाडें कोण देणार, याची तजवीज आजच करून ठेवावी. आजारी म्हणून चार दिवस घरीं राहिलेल्या नोकराचा पगार कापूं नये. कापला तर पुढच्या वेळीं तो खोकला गिळून कामावर येईल, व तो खोकला दुकानांतून आमच्याच माडीवर चढेल.

साथींत रोगी लपविणें ही आमची आजची खोड नव्हे. १८९७ च्या प्लेगांत पुण्यांत घरोघर झडत्या सुरू झाल्या तेव्हां लोकांनीं रोगी लपविले. त्या झडत्यांतील जुलूम पाहतां त्यांस दोष देववत नाहीं. पण त्याच वर्षीं, त्याच पुण्यांत, सावित्रीबाई फुले यांनीं अस्पृश्य मानलेल्या घरचें प्लेग झालेलें मूल पाठीवर घेतलें व तें आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या, दवाखान्यांत नेलें. आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्या काळीं प्लेगावर औषध नव्हतें. तरी मूल उघड उघड दवाखान्यांत नेलें पाहिजे हें त्या माउलीस कळत होतें. आज औषध आहे, तपासण्या आहेत, रेल्वे दाराशीं आहे. आमच्याकडून कोणी प्राण मागत नाहीं. डॉक्टरानें विचारलेल्या प्रश्नास खरें उत्तर द्यावें, आणि तें देणाऱ्याकडे गांवानें वांकड्या नजरेनें पाहूं नये, एवढेंच मागणें आहे. एवढेंहि ज्या गांवास साधणार नाहीं, त्यानें आपल्या मुलांवरील प्रेमाच्या गोष्टी बोलूं नयेत.